चार्ज न होणारी इअरबडची केस आणि तपकीर गल्लीतले दुरुस्तीवाले दादा

थोडक्यात हवं असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. माझ्या इअरबडची केस चार्ज होणं बंद झालं होतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने केसची दुरुस्ती होत नाही असं सांगून हात वर केले. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका छोट्या दुकानात चार्जिंगचं पोर्ट बदलून मिळालं, ३५० रुपये पडले, आणि केस आता पहिल्यासारखी चालते आहे. कामाला ५ पैकी ५, व्यवहाराला साडेतीन. गुण का कापले ते पुढे येतंच.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून मी विचारलं होतं. दादा म्हणाले, "ताई, मी एकटा माणूस. मोबाईलची कामं सांभाळून मधल्या वेळात इअरबड बघतो. गर्दी झाली तर कोणाचंच धड होणार नाही." त्यांचा शब्द मोडावासा वाटत नाही. पण गल्लीतल्या दुकानांत "इअरबडची केस कोण उघडून देतं?" असं विचारलंत तर लोक त्यांचाच पत्ता सांगतात. मलाही ते असेच सापडले.

मला जन्मापासून दिसत नाही. हे इथंच सांगते, कारण त्याशिवाय हा रिव्ह्यू नीट कळणार नाही. माझा फोन टॉकबॅकवर चालतो, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं तो मला वाचून दाखवतो. बँकेत नोकरी करते. ऑफिसात कॉम्प्युटरला तारेचा हेडफोन असतो, पण घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंत कानात एक बड लागतोच. दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. बस कुठवर आली, रिक्षा कुठल्या बाजूला थांबली आहे, घरच्यांचा मेसेज काय आहे, हे सगळं त्या एका बडातून येतं. आणि ओटीपी! बड नसेल तर फोन भर बसमध्ये ओटीपी मोठ्यानं वाचतो आणि शेजारी बसलेल्याच्याही कानावर जातो. माझ्या फोनला हेडफोनचा जॅक नाही, आणि तार असली की ती काठीच्या दोरीत अडकते. म्हणून बड. एक कानात, दुसरा केसमध्ये चार्जिंगला, दुपारी अदलाबदल. या पद्धतीने दिवस निघतो, पण त्यासाठी केस धडधाकट असावी लागते. केस बंद पडली की दोन्ही बड धडधाकट असूनही काही तासांत मुके होतात.

माझ्या केसला पुढच्या बाजूला एक बारीक दिवा आहे. चार्जिंग चालू असेल तर लाल, पूर्ण झालं की हिरवा. बाहेरच्या जगाशी केस बोलते ती एवढंच. आवाज नाही, थरथर नाही. मला तिची तब्येत कळते ती फोनवरून: बड आत असताना झाकण उघडलं की फोनवर पट्टी येते आणि टॉकबॅक वाचतं, डावा इतके टक्के, उजवा इतके, केस इतके. बिघाड कळला तो याच आकड्यावरून. रात्रभर लावून ठेवलेली केस सकाळी होती त्याच आकड्यावर, बड भरल्यामुळे उलट थोडी खालीच.

मग मी घरी जे तपासलं ते सविस्तर लिहिते, कारण दिसणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. उजेड ओळखणारं अ‍ॅप फोनवर आहे. उजेड वाढला की त्याचा सूर चढतो, कमी झाला की उतरतो. खोली अंधारी केली, सूर खाली आल्याची खात्री केली, कॅमेरा केसच्या दिव्यासमोर धरला आणि केबल लावली. माझ्या सी टू सी केबलच्या (दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या) पिनेवर एका बाजूला उठावाचं चिन्ह आहे, दुसरी बाजू गुळगुळीत. चिन्ह वर ठेवून लावलं तर सूर चढायचा. पिन उलटी करून लावली तर काहीच नाही. टाइप-सी दोन्ही बाजूंनी चालायला हवी, तोच तर तिचा मोठा फायदा. मायक्रो यूएसबीची पिन अंगठ्यानं चाचपून बाजू ओळखण्यात माझी कित्येक वर्षं गेली आहेत. नंतर जुन्या चपट्या यूएसबीचा अ‍ॅडॅप्टर काढला, त्याची केबल लावली, तर केस दोन्ही बाजूंनी चार्ज व्हायला लागली. म्हणजे सेल ठीक होता, बडही ठीक होते, घोटाळा पोर्टाच्या आसपास होता. पुढे काही दिवसांनी तोही मार्ग बंद झाला. कुठलीही केबल, कुठलीही बाजू, सूर जागचा हलेना.

सर्व्हिस सेंटरबद्दल थोडक्यात, कारण तिथं सांगण्यासारखं फार घडलं नाही. वॉरंटी एक वर्षाची होती, ती संपलेली. पैसे घेऊन करून द्या म्हटलं, तर केस उघडत नाही. नुसती केस विकत द्या म्हटलं, तर केस सुटी मिळत नाही. नव्या सेटवर सवलत देऊ, हा एकच पर्याय. काउंटरवरच्या मुलानं दोनदा विचारलं, "मॅडम, बरोबर कोणी आलंय का?" आणि पोर्टाबद्दलचं माझं निरीक्षण सांगायला लागले तर म्हणाला, "लाइटच लागत नाहीये ना, म्हणजे गेली." दिव्यापलीकडे त्यानं काही तपासलं नाही. माझे बड २,८०० रुपयांचे. जवळपास तीन हजारांची चांगली वस्तू वीस-पंचवीस रुपयांच्या सुट्या भागापायी टाकून द्यायची, हे मला पटलं नाही आणि आजही पटत नाही.

तपकीर गल्ली पुणेकरांना सांगायला नको. बुधवार पेठेतली, विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची. बाहेरगावच्यांसाठी: मेट्रोने यायचं तर मंडई स्टेशनवर उतरा. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून माझी मध्यवस्तीत येण्याची चिंता बरीच मिटली. स्टेशनमध्ये पायाला कळतील अशा उंचवट्याच्या फरशा आहेत, लिफ्ट आहे. वर आल्यावर मात्र शिवाजी रस्त्याचा गोंगाट. काठी घेऊन एकटं जाणाऱ्यांना एक सूचना: गल्लीत दुकानांच्या दारात वस्तू टांगलेल्या असतात. काठीला जमिनीवरचं कळतं, डोक्याच्या उंचीवर लटकणारं कळत नाही. एक हात चेहऱ्यापुढे ठेवून चला किंवा सकाळी लवकर जा, तेव्हा माणसंही कमी असतात.

दुकान म्हणजे एक काउंटर, मागे एक स्टूल आणि दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. पायरी उंच आहे, कठडा नाही. मी पायरीपाशी आले तेव्हा आतून आवाज आला, "ताई, एकच पायरी आहे, जरा उंच. डाव्या हाताला काउंटर." एवढंच. उठून दंड धरला नाही, आरडाओरडा केला नाही. हात धरून ओढणारी माणसं रोज भेटतात, नेमकी दिशा सांगणारा क्वचितच.

केस हातात दिली आणि लक्षणं सांगितली: आधी सी टू सीवर एकाच बाजूनं, जुन्या अ‍ॅडॅप्टरवर दोन्ही बाजूंनी, मग पूर्ण बंद. त्यांनी मधे न तोडता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग निम्मं काम तुम्हीच केलंय." आणि का, ते समजावून सांगितलं. सी टू सी केबलवर चार्जर आपणहून वीज सोडत नाही. समोरच्या वस्तूत सीसी नावाच्या पिनेवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते तो आधी बघतो. सापडला तरच ५ व्होल्ट येतात. पोर्टात अशा दोन पिना असतात. केबल सुलटी लावली तर एक कामाला येते, उलटी लावली तर दुसरी. त्यातली एक निखळली की केस एकाच बाजूनं चार्ज होणार. जुन्या चपट्या यूएसबीच्या अ‍ॅडॅप्टरमधून ५ व्होल्ट कायमच येत असतात, तिथं ही चौकशी नाही, म्हणून त्यावर दोन्ही बाजू चालल्या. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी: स्वस्तातल्या काही केसमध्ये हे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. त्या सी टू सी केबलवर पहिल्या दिवसापासून चालत नाहीत. लोक नवा फोन घेतात, नवा चार्जर लावतात, केस चार्ज होत नाही, आणि बिघडली म्हणून घेऊन येतात. अशांना ते जुनी केबल लावून दाखवतात आणि पैसे न घेता परत पाठवतात. मी तिथं असतानाच एका मुलाला असं परत पाठवलेलं मी ऐकलं.

मग त्यांनी केस माझ्याकडे परत दिली. "नखानं पोर्टाच्या कडेला हळू दाबा. हलतंय?" हलत होतं. अगदी जरासं, पण पोर्टासारखी घट्ट बसवलेली वस्तू जराशीही हलायला नको. आधी आतला कचरा काढला, लाकडी काडीनं. पर्समधला कापसाचा बारीक भुगा पोर्टाच्या तळाशी दाबून बसून त्याची गादीच झाली होती. तो काढल्यावर केबल आणखी आत गेली, पिन बसल्याचा टक आवाज आला. पण चार्जिंग नाही. "भुगा निघून चालू झाली असती तर मी काहीच घेतलं नसतं," म्हणाले. "आता उघडावी लागेल. ही स्क्रूवर नाही, खटक्यांवर आहे. एखादा तुटू शकतो, तुटला तर डिंकानं बसवीन. चालेल?" चालेल म्हटलं.

इथून पुढचा भाग मला मनापासून आवडला. बहुतेक दुरुस्तीवाले डोकं खाली घालून काम करतात, आणि समोरचा बघत असतो म्हणून त्यांना बोलायची गरज पडत नाही. हे दादा सगळा वेळ बोलत होते. बडबड नव्हे, काय करतोय तेवढंच. "आता फटीत पट्टी घालतोय." टक. टक. खटके सुटत गेले. मधेच एक आवाज वेगळा आला, कोरडा. "हा तुटला, ताई. मागच्या बाजूचा." त्यांनी सांगितलं नसतं तर मला त्या दिवशी तरी कळलं नसतं. त्यांनी सांगितलं.

आतला सांगाडा बाहेर आल्यावर पहिलं काम सेल वेगळा करण्याचं. लाल आणि काळी अशा दोन तारा, दोन्ही सोल्डर केलेल्या. एकावेळी एकच तार सोडवली, पहिलीचं टोक लगेच टेपनं झाकलं आणि मगच दुसरीला हात लावला, म्हणजे चुकून एकमेकींना लागायला नकोत. पोर्ट काढायला गरम हवा मारावी लागते आणि लिथियमचा सेल गरम झाला की फुगतो, पेटूही शकतो. म्हणून सेल जागेवर ठेवून ते कधीच काम करत नाहीत. सेल माझ्या तळहातावर ठेवला. चपटा, गुळगुळीत, कडा सरळ. "फुगलेला असता तर मधे पोट आलं असतं. हा चांगला आहे." मीटरवर ३.२ व्होल्ट आले. पूर्ण भरलेला ४.२ असतो, ३ च्या खाली बराच काळ पडून राहिला की खराब व्हायला लागतो. म्हणजे आणखी महिना-दोन महिने केस कपाटात पडली असती तर सेलही बदलावा लागला असता. सेलवरचा आकडा त्यांनी वाचून दाखवला: ६०२०३०. पहिले दोन अंक जाडीचे, ६.० मिलिमीटर, मग रुंदी २० आणि लांबी ३०. याच आकड्यावरून नवा सेल मागायचा असतो. मी तो फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे. पुढे कधी लागेलच.

मग मीटर बीपवर लावला. दोन सुया जिथं टेकवल्या तिथं जोडणी असेल तर बीप वाजतो, नसेल तर शांतता. एरवी स्वतःसाठी वापरायचं हे साधन त्यांनी माझ्यासाठी वापरलं. "ही ग्राउंड." बीप. "ही सीसी दोन." बीप. "ही सीसी एक." काही नाही. परत सुई टेकवली, काही नाही. "आता ही व्हीबस, इथून ५ व्होल्ट येतात." तुटका, चिरकणारा बीप. "पोर्ट दाबून धरतो." बीप सलग झाला. "सोडतो." गेला. माझ्या बिघाडाचा सगळा इतिहास त्या चार आवाजांत होता. आधी सीसी एकचं सोल्डर तडकलं, तेव्हा एक बाजू गेली. मग व्हीबसचं तडकलं, तेव्हा सगळंच गेलं. अंधाऱ्या खोलीत अ‍ॅपच्या सुरावरून मी जो अंदाज बांधला होता तो असा कानानं पडताळता आला, याचं समाधान मला शब्दांत सांगता येत नाही. आजवर मी अनेक वस्तू दुरुस्त करून आणल्या आहेत. प्रत्येक वेळी "झालं" एवढंच कळलं होतं. काय झालं होतं हे पहिल्यांदा कळलं.

कारणही त्यांनी सांगितलं. फोनच्या पोर्टात २४ पिनांची सोय असते; केसमध्ये चार्जिंगपुरतं ६ पिनांचं छोटं पोर्ट वापरतात, डेटाच्या पिना नसतातच. त्याला हरकत नाही. पण माझ्या केसमध्ये पोर्टाच्या बाहेरच्या धातूच्या डब्याचे पाय आतल्या सर्किटच्या प्लेटच्या आरपार घातलेले नव्हते, नुसते वरून चिकटवलेले होते. केबल घालता-काढताना जो जोर पडतो तो मग थेट बारीक सोल्डरवर येतो. मला त्यांनी जुनं पोर्ट काढल्यावर ते हातात दिलं. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं असेल. पाय खरोखरच आखूड आणि सपाट.

गरम हवेचं यंत्र सुरू झालं, फुस्स असा सलग आवाज आणि मागोमाग सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात त्या फ्लक्सचा राळेसारखा वास. नवं पोर्ट बसवलं, पायांवर जास्तीचं सोल्डर दिलं, गार झाल्यावर दोन्ही कडांना चिकट द्रव्याचा एक-एक ठिपका लावला. प्लेट आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसली, तो स्पिरिटसारखा वास दुकानभर पसरला. मग पुन्हा तीच हजेरी: ग्राउंड, सीसी दोन, सीसी एक, व्हीबस. सगळे बीप स्वच्छ. ५.१ चे दोन्ही रेझिस्टरही मोजून बघितले, जागेवर होते.

सेल जोडल्यावर त्यांनी न सांगता आणखी एक गोष्ट तपासली. केसच्या खळग्यात प्रत्येक बडासाठी स्प्रिंगवरचे बारीक पिन असतात. बड बसवला की ते त्याच्या धातूच्या ठिपक्यांना टेकतात आणि चार्जिंग होतं. "बोट लावून बघा," म्हणाले. डावीकडचे दोन्ही पिन बोटाला टोचले, दाबले की आत गेले, सोडले की वर आले. उजवीकडचा एक दबलेलाच राहिला होता. घाम आणि कानातला मळ वाळून बसला होता. आयपीएचा थेंब टाकून तो वर-खाली करून मोकळा केला. मी बहुतेक उजवाच बड जास्त वापरते, त्यामुळे झिजही तिकडची, मळही तिकडचा. आता आठवड्यातून एकदा कापसाची काडी आयपीएत बुडवून, पिळून, दोन्हीकडचे पिन आणि बडांचे ठिपके पुसते. केस बंद पडली म्हणून रडणाऱ्या कितीतरी लोकांचं काम एवढ्यानंच होईल असं दादांचं म्हणणं आहे, आणि रोज केसच उघडणाऱ्या माणसाचं म्हणणं मी मानते.

शेवटी केबल माझ्या हातात दिली. "तुम्हीच लावा. आणि तुमचं ते अ‍ॅप लावा, मी सांगून काय उपयोग." काउंटरखाली सावलीत केस धरून फोन समोर नेला. चिन्ह वर ठेवून लावली, सूर चढला. उलटी करून लावली. चढला. दोन्ही बाजूंनी.

आता तक्रारी. तासाभरात होईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात संध्याकाळ झाली. मधे मोबाईलची गिऱ्हाईकं येत राहिली आणि प्रत्येकाचं काम तातडीचं होतं. एकट्या माणसाचं दुकान आहे हे कबूल, पण वेळ सांगताना संध्याकाळ सांगितली असती तर मी तेवढ्यात मंडईतली कामं उरकून आले असते. दुसरं, बिल दिलं नाही. पोर्टाला महिनाभराची हमी दिली ती तोंडी. पैसे यूपीआयने दिले, साउंडबॉक्सने रक्कम मोठ्यानं सांगितली, त्यामुळे माझी खात्री पटली आणि बँकेत नोंदही राहिली. तरी साध्या कागदावर दुकानाचा शिक्का मारून दोन ओळी लिहून द्यायला काय हरकत होती? इतकं चोख काम करणाऱ्यानं ते कागदावरही लिहून द्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी त्यांना तसं सांगितलं. तिसरं, तुटलेल्या खटक्याच्या जागी डिंकाची किंचित धार राहिली आहे. हाताला लागते. दिसणाऱ्याच्या नजरेत येणार नाही, माझ्या बोटांना रोज कळते. व्यवहाराचे दीड गुण यापायी गेले.

पण खरा राग दुकानावर नाही. या वस्तू बनवणाऱ्यांवर आहे, आणि त्याबद्दल न बोलता हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. केसनं फक्त दिव्यानं बोलावं, हे कोणी ठरवलं? अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीच्या केसमध्ये, २०२२ सालीच, छोटा स्पीकर आला. चार्जिंग सुरू झालं की ती आवाज करते. म्हणजे करता येतं. ते एवढ्या महागड्या केसपुरतंच का राहावं? एक साधा बझर किंवा फोनमध्ये असते तशी थरथर, एवढ्यानं माझं काम भागेल, आणि अंधारात केस लावणाऱ्या प्रत्येकाचंही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ४३ आहे. सर्वांना वापरता येतील अशा रोजच्या वापराच्या वस्तू बनाव्यात आणि मिळाव्यात यासाठी सरकारनं पावलं उचलावीत, असं ते सांगतं. मी ते कलम बऱ्याच वेळा वाचलं आहे. इअरबडच्या खोक्यात त्याचा मागमूस नाही.

दुरुस्तीचंही तसंच. पहिले एअरपॉड्स २०१६ मध्ये आले तेव्हा दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या आयफिक्सिट या कंपनीने ते उघडून दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिले होते, आणि बाकीच्या कंपन्यांनी सगळं डिंकानं बंद करण्याचा तोच कित्ता गिरवला. उलट फेअरफोन या डच कंपनीनं २०२४ मध्ये बड आणि केस दोन्हींचे सेल बदलता येतील असे इअरबड बाजारात आणले. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यावी असा नियम लागू होतो आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्सही आहेत. सुरुवात चांगली आहे. पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर केस उघडतच नाही हेच उत्तर मिळत असेल तर त्या पोर्टलचा हात अजून इअरबडपर्यंत पोचलेला नाही. पोर्टाचे पाय प्लेटच्या आरपार घाला, केस खटक्यांऐवजी दोन स्क्रूंवर बंद करा, सुटी केस विका. एवढ्या तीन मागण्या आहेत.

तुम्ही जाणार असाल तर काही उपयोगाच्या गोष्टी. घरून निघण्याआधी लाकडी काडीनं पोर्टातला भुगा काढून बघा. टाचणी किंवा सुई घालू नका, पिना आपसात टेकल्या तर असलेलंही जाईल. सी टू सी केबल चालत नसेल तर जुन्या अ‍ॅडॅप्टरवर लावून बघा, आणि दोन्ही बाजूंनी लावून बघा. काय चाललं, काय नाही ते लक्षात ठेवून सांगा. केस फुगलेली, गरम होणारी किंवा गोडसर, रसायनासारखा वास येणारी असेल तर चार्जिंगला लावूच नका, उघडूही नका; ती ई-कचऱ्यातच गेली पाहिजे, घरच्या कचऱ्यात नाही. बंद पडलेली केस महिनोन्‌महिने ठेवून देऊ नका, सेल खाली उतरत राहतो. सेल बदलायचा असेल तर दादा ६०० रुपयांच्या आसपास घेतात असं म्हणाले, आकारावर अवलंबून. सकाळी गेलात तर त्यांना वेळ असतो. आणि नुसती केस नेऊ नका, रोजची केबल आणि दोन्ही बड बरोबर न्या. बड खळग्यात बसवल्याशिवाय आतले पिन टेकतात की नाही ते तपासता येत नाही.